डीपीपी-४ हे एन्झाइम काय करतं? ते गोळीने अडवलं तर धोका नाही का?

आईच्या मधुमेहाच्या गोळीबद्दल, सिटाग्लिप्टिनबद्दल, वाचताना 'डीपीपी-४ इनहिबिटर' असं दिसलं आणि शरीरातलं एन्झाइमच अडवतायत म्हणून तुम्हाला धास्ती वाटली, असं तुम्ही लिहिलंय. मी फार्मासिस्ट आहे, ही गोळी रोज हातातून जाते.

जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ हे हार्मोन सोडतात. साखर वाढली असेल तर ते स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन सोडवून घेतं. पण जेमतेम दोन मिनिटांत त्यातलं निम्मं निकामी होतं. ते करतं डीपीपी-४. हे हार्मोन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची साखळी. डीपीपी-४ ची कापायची जागा ठरलेली आहे: साखळीत सुरुवातीपासून दुसरा मणी ॲलनिन किंवा प्रोलिन (ही दोन अमिनो आम्लं) असला की सुरुवातीचे दोन मणी तोडायचे. जीएलपी-१ मध्ये दुसरा ॲलनिनच आहे. ते दोन गेले की बाकीची माळ इन्सुलिनच्या कामाची राहत नाही. मधुमेह आणि वजनासाठी सध्या गाजतंय त्या सेमाग्लुटाइड या औषधात नेमका हाच मणी बदललाय, त्यामुळे डीपीपी-४ ला तो सहजी तोडता येत नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

गोळीमुळे आपलंच हार्मोन जास्त वेळ टिकतं, आणि साखर वाढलेली असतानाच ते जोर लावतं. म्हणून एकट्या या गोळीने साखर एकदम खाली जाणं विरळा. सोबत ग्लिमेपिराइड (साखर कमी करणारी दुसरी गोळी) किंवा इन्सुलिन असेल तर मात्र जपा.

तुमची शंका तरीही रास्त आहे. हेच एन्झाइम रोगप्रतिकारक टी-पेशींवरही असतं, तिथे त्याचं नाव सीडी-२६. मर्स या श्वसनाच्या आजाराचा विषाणू पेशीत शिरतो तोही यालाच धरून. या गोळीने स्वादुपिंडाला सूज येणं क्वचित घडतं. पोटात असह्य दुखून कळ पाठीत गेली तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. याच गटातल्या सॅक्साग्लिप्टिनच्या मोठ्या चाचणीत हार्ट फेल्युअरने दाखल होणारे थोडे जास्त निघाले, तेव्हा आईला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी स्वतःहून बंद करू नका.

आणि त्वचेकडे लक्ष ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी काही महिने याच गटातली व्हिल्डाग्लिप्टिन घेत होत्या. हातावर खाज सुटली, मग टणक, पाण्याने भरलेले फोड आले. उष्णता झाली म्हणून त्या सब्जा पीत होत्या. मी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. बुलस पेम्फिगॉइड निघालं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेवर उलटून फोड येणारा आजार. या गोळ्यांशी त्याचा संबंध आढळलेला आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली, उपचार केले. आता दुकानात आल्या की आधी बाही वर करून हात दाखवतात, मग प्रिस्क्रिप्शन काढतात.