४०७ ला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स? काका, चेसिसला कटर लावायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे वाहणारी टाटा ४०७, १९९४ ची, वडिलांनी घेतलेली म्हणून विकवत नाही. काका स्वतः चालवतात, कधीमधी भाचा. मागच्या वर्षी डावा गुडघा बदलला, आता क्लच दाबवत नाही. गॅरेजवाल्याने अपघातात गेलेल्या दुसऱ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणून ठेवलाय, ७० हजार ॲडव्हान्स घेतला, आणि आता म्हणतोय चेसिसचा क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातली आडवी पट्टी, कापून नवा पट्टा वेल्डिंग करावा लागेल. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दोन महिन्यांवर आलंय. मेव्हणे म्हणतात गाडी जप्त होईल, गॅरेजवाला म्हणतो काय होत नाही ओ.

काका, दोघांचंही अर्धं अर्धं खरं हाय. आधी तुमची आरसी, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, काढा आणि नीट वाचा. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर किती, इंधन कुठलं, व्हीलबेस, रिकाम्या गाडीचं वजन, बॉडीचा प्रकार, रंग सुद्धा सापडेल, पण गिअरबॉक्स मॅन्युअल का ऑटोमॅटिक हा रकाना बहुतेक सापडणार नाही. तुमचा गॅरेजवाला त्याच भरवशावर बोलतोय. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीतली माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि 'बदल' म्हणजे काय तर गाडीच्या रचनेत असा फरक की तिचं मूळ स्वरूपच बदलतं. नुसता गिअरबॉक्स बदलला तर हे कलम लागतं का यावर मी कोर्टात तासभर भांडू शकतो. पण क्रॉस मेंबर कापला की भांडायला काय उरत नाही, कारण ती गाडीची रचनाच झाली. वर ऑटोमॅटिकला लागणारे कन्व्हर्टर, ऑइल कूलर आणि नवा पट्टा धरून वजनात फरक पडला तर तो आरसीतल्या वजनाशी जुळणार नाही. आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात स्पष्टच सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला धक्का लावता येणार नाही, राज्याचे नियम काहीही म्हणोत.

त्यानंतर त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२-अ कलम आलं. परवानगी नसलेला बदल, त्यात बाहेरून पार्ट आणून बसवणं सुद्धा धरलंय, मालकाने केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कैद सहसा कोणी मागत नाही हो, पण रजिस्ट्रेशन सस्पेंड होणं आणि पासिंग अडकणं हे मात्र होतं, आणि माल वाहणाऱ्या माणसाला तेच जास्त महागात जातं. तुमची गाडी आठ वर्षांच्या वरची म्हणजे फिटनेस दरवर्षी. विजापूर रोडला आरटीओत एका पक्षकाराच्या पिकअपचं पासिंग मी बघितलंय, साहेब टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले आणि ताजा काळा रंग मारलेल्या जागी नखाने खरवडून बघितलं, खाली वेल्डिंगची लाइन निघाली. गाडी परत पाठवली.

आता तुमच्या गुडघ्याचं. कायद्यात 'अनुकूलित वाहन' म्हणून सोय आहे, कलम ५२(२), शारीरिक अडचण असलेल्या माणसासाठी गाडीत बदल करून नंतर आरटीओची मंजुरी घेता येते. ऐकायला भारी वाटतं पण यात एक मेख आहे, अशी गाडी फक्त त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरायची असं व्याख्येतच लिहिलंय. भाचा गठ्ठे घेऊन निघाला की संपलं. शिवाय गुडघा बदलला म्हणजे अपंगत्व आपोआप ठरत नाही, सिव्हिलमधून प्रमाणपत्र घ्यावं लागेल, आणि लायसन्सवर सुद्धा तशी नोंद लागेल. धंद्याच्या गाडीसाठी मी हा रस्ता धरायला सांगणार नाही.

व्हिंटेजमध्ये टाकता येईल का असंही विचारलंय तुम्ही. नाही. २०२१ च्या नियमात गाडी पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांची हवी, धंद्याची नको, चेसिस-इंजिनात मोठा फेरफार नको. तुमच्या ४०७ ला त्यासाठी २०४४ उजाडेल.

इन्शुरन्सची गोष्ट लोक विसरतात. महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी काढली हा बचाव मोटार वाहन कायद्यानेच कंपनीला दिलेला आहे, कलम १५०. मंगळवेढ्याच्या रस्त्याला काही झालं आणि सर्वेयरने गाडीखाली दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स बघितला तर मग कंपनी बाजूला आणि भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते.

राहिले ७० हजार. गॅरेजवाला म्हणेल ॲडव्हान्स परत मिळत नसतो. त्याला एवढं कळवा की या कायद्यात 'डीलर' या शब्दात गाड्या दुरुस्त करणारा सुद्धा येतो, कलम २(८), आणि बांधणीच्या नियमांविरुद्ध गाडीत बदल करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड आहे. हे बहुतेक गॅरेजवाल्यांना माहितीच नसतं. आधी व्हॉट्सॲपवर लिहा की काम थांबव, चेसिसला हात लावू नको, जुना गिअरबॉक्स जागेवर बसव आणि पैसे परत कर, फोनवर बोलू नका, लेखीच. मग पंधरा दिवसांची नोटीस. नाही दिले तर सोलापूर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. 'गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही' असं तो म्हणणार, तेव्हा स्वतः चालवून पोट भरतो हे दाखवायचं, त्या अपवादाला कायद्यात जागा आहे. पण तुम्हीही हो म्हणूनच ॲडव्हान्स दिला होता, त्यामुळे पूर्ण रक्कम मिळेलच असं मी सांगत नाही, जुना बॉक्स बसवायची मजुरी तो कापेल.

आणि वकिलाचा विषय नाही तरी सांगतो, क्लच एवढा कडक का झालाय ते आधी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग घासलं की पेडल दगडासारखं होतं, माझ्या चुलत्याच्या गाडीला नवा क्लच सेट टाकल्यावर पाय अर्धा हलका झाला होता. तरीही ऑटोमॅटिकच पाहिजे असेल तर आधी आरटीओला लेखी अर्ज द्या, कापाकापी न करता बसणारं युनिट, त्याचं बिल, वजनाची पावती जोडून, आणि त्यावर लेखी उत्तर हातात येईपर्यंत गाडी त्या गॅरेजच्या बाहेर काढून घरासमोर लावा.