घरचे सगळे विरोधात असताना ज्ञानेश्वरीतला गूढार्थ वाचून आतून खात्री मिळते का, की ती नुसती मनाची समजूत?

मिळते. मला मिळाली. तिला समजूत म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालते.

आई गेली तेव्हा ठाण्यात पाचपाखाडीच्या घरात आम्ही दोघीच होतो. मी एकुलती एक. तिरडीची तयारी सुरू झाली आणि काकांनी जाहीर केलं, अग्नी पुतण्या देईल, तो पुण्याहून निघालाय, तोवर थांबायचं. मी देणार म्हटल्यावर काकू, आत्या, शेजारीपाजारी सगळे एका बाजूला. "तिला गती मिळायची नाही," हे मी आईच्या उशाशी बसून ऐकलं.

आजारपणात मी तिला रात्री ज्ञानेश्वरी वाचून दाखवायचे. सहावा अध्याय ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. गीतेत तिथे आसनाचे, एकाग्रतेचे मोजके श्लोक आहेत; ज्ञानदेव त्यावर कुंडलिनीचं, म्हणजे योगाने देहात जागी होणाऱ्या शक्तीचं, केवढं वर्णन उभं करतात. पृथ्वी पाण्यात विरते, पाणी तेजात जिरतं, तेज वाऱ्यात हरवतं. 'पिंडें पिंडाचा ग्रासु', देहानेच देह गिळायचा, हा नाथपंथाचा संकेत. आई म्हणायची, म्हणजे जाळणारं नि जळणारं एकच गं. काका बोलत होते आणि माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. जो अग्नी देहात आधीपासून आहे, तो द्यायला पुतण्याच कशाला हवा? भीती गेली. राग तर आलाच नाही. जवाहरबागेच्या स्मशानात अग्नी मीच दिला.

काका नंतर म्हणाले, त्या ओव्या जिवंत योग्याच्या साधनेच्या आहेत, चितेच्या नाहीत, तू सोयीचा अर्थ काढलास. साधनेच्याच आहेत, मला ठाऊक आहे. पण शब्दावरच बोट ठेवायचं असेल तर मुलीने अग्नी देऊ नये असं सांगणारी ओवी दाखवा. काकांनी अजून दाखवलेली नाही. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांची मुंज नाकारली, त्या भावंडांतल्या एकाने 1290 साली नेवाशात हा ग्रंथ मराठीत सांगितला. त्याच्याच परंपरेचे वारकरी म्हणवून लेकीचा अधिकार काढायचा, हे मला पटणं शक्य नाही.

खात्री की समजूत, हे मी एवढ्यावरूनच ओळखते: वाचून समोरच्याला हरवायची खुमखुमी वाढली तर पोथी मिटावी. आणि हो, कुंडलिनीचे प्रयोग पुस्तकावरून करू नका, जाणता गुरू नसेल तर नुसतं वाचा. सार्थ प्रत घ्या. पैशाचा, जागेचा, औषधोपचाराचा वाद असेल तर मात्र ओव्या उघडू नका, वकील किंवा डॉक्टर गाठा.

तुम्हाला विरोध नेमका कशावरून होतोय ते प्रश्नात नाही. माझ्यासारखंच अंत्यविधीवरून असेल, तर मला तरी स्मशानात मुलगा कुठे म्हणून कोणी अडवलं नाही. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तेवढा मागितला, तो आधीच हाताशी ठेवा.