फिरत्या सफाई व्यवसायातलं घाण पाणी नेमकं कुठे सोडायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: व्हॅनमध्ये टाकी आणि प्रेशर वॉशर घेऊन तुम्ही लोकांच्या दारात गाड्या धुता, फरशा आणि कार्पेट-सोफ्याची कामंही घेता. साबण 'बायोडिग्रेडेबल' आहे, मग पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडलं तर चालेल का?

नाही चालणार. रस्त्याकडेच्या जाळीत पडलेलं पाणी बहुतेक ठिकाणी पावसाळी गटारातून सरळ ओढ्याला, नदीला किंवा समुद्राला मिळतं आणि वाटेत त्यावर कसलीही प्रक्रिया होत नाही. संडास-बाथरूमचं पाणी नेणारी मलवाहिनी वेगळी असते, ती शुद्धीकरण केंद्राकडे जाते. 'बायोडिग्रेडेबल' याचा अर्थ जिवाणू तो साबण कालांतराने फोडतील, एवढाच. तोपर्यंत तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो, आणि फोडताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. शिवाय गाडीवरून निघालेलं तेल, ब्रेकची धूळ, तांब्या-जस्तासारखे धातू साबण बदलल्याने कमी होत नाहीत. म्हणून साबण न वापरता धुतलेलं पाणीही गटारात सोडण्यालायक नसतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा पाणी सुरू करण्याआधीच्या कामात आहे. फरशी आधी झाडून घ्या. सुटी माती, पानं, वाळू कोरडीच गोळा करा. तेलाचा डाग असेल तर त्यावर भुसा किंवा शोषक माती टाका, ब्रशने घासा, थोडा वेळ राहू द्या आणि उचलून पिशवीत भरा. तेल कोरडं उचलण्यामागे कारण आहे: डिग्रीजर (तेलकटपणा काढणारं रसायन) किंवा गरम पाणी मारलं की तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळून दुधासारखे पसरतात आणि मग वर तरंगत नाहीत. त्यानंतर टाकीत तेलशोषक नळ्या कितीही सोडल्या तरी त्या फक्त तरंगणारं तेल पकडतात, मिसळलेलं तेल तसंच पुढे जातं.

पाणीही कमी वापरा. मिनिटाला १५ लिटर सोडणारा वॉशर तासभर सलग चालला तर ९०० लिटर पाणी होतं, आणि तेवढं उचलणं कुणालाच परवडत नाही. फार चिखल नसलेली गाडी 'रिन्सलेस' (पुसल्यावर पुन्हा पाण्याने धुवावं न लागणारं) द्रावण आणि मायक्रोफायबर कापडांनी ८ ते १० लिटरच्या एका बादलीत नीट निघते. गोळा करायला उरतं ते बादलीतलं आणि कापडं पिळलेलं पाणी.

जिथे धुवावंच लागेल तिथे आधी एक बादली स्वच्छ पाणी ओतून उतार कुठे आहे ते पाहा. सगळ्यात खोल जागी पाणी अडवायचं. जवळच्या जाळीवर मऊ रबराची किंवा पॉलियुरेथेनची चटई घाला. तिच्याखाली वाळूचे कण राहिले तर कडेने पाणी झिरपतं, म्हणून जाळीभोवतीची जागा आधी पुसून घ्या. पुढच्या बाजूला वाळू किंवा पाणी भरलेल्या लवचिक नळ्यांचा बांध घाला. साचलेलं पाणी तळाशी ओढणाऱ्या छोट्या सबमर्सिबल पंपाने टाकीत घ्या आणि पंप सोडून देतो तो शेवटचा थर वेट व्हॅक्यूमने उचला. काम संपल्यावर चटई लगेच काढू नका. आधी तिच्या वरची जागा व्हॅक्यूमने कोरडी करा, नाहीतर अडवलेलं सगळं त्याच क्षणी गटारात जातं.

कार्पेट-सोफ्याचं पाणी मुळातच यंत्राच्या टाकीत जमा होतं, त्यामुळे ते सोपं. अडचण फेसाची. टाकी भरली की पाण्याबरोबर वर येऊन व्हॅक्यूम थांबवणारा फ्लोट फेसाने उचलला जात नाही, व्हॅक्यूम बंद होत नाही आणि फेस थेट मोटरमध्ये शिरतो. काम सुरू करतानाच घाण पाण्याच्या टाकीत फेसरोधक घाला, आणि केस-धागे अडवणारी जाळी दर वेळी साफ करा.

व्हॅनमधली टाकी निवडताना वजन विसरू नका. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, टाकी आणि यंत्रं वेगळी. अर्धी भरलेली मोठी टाकी वळणावर आणि ब्रेक मारताना जोरात हिंदकळते, म्हणून आत आडवे पडदे असलेली टाकी घ्या किंवा दोन लहान टाक्या, शक्य तितक्या खाली आणि मागच्या आसाच्या जरा पुढे.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. वेगवेगळ्या कामांचं पाणी एकाच टाकीत ओतू नका. शेवाळ काढायला वापरलेलं ब्लीच आणि फरशीवरचे पांढरे डाग काढायचं आम्ल टाकीत एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो, आणि तो बंद व्हॅनमध्ये जीवघेणा ठरू शकतो. ब्लीच आणि अमोनियायुक्त क्लीनर एकत्र आले तरी विषारी वायू तयार होतो. आम्लाचं पाणी वेगळ्या झाकणबंद डब्यात ठेवा आणि प्रत्येक डब्यावर नाव लिहा.

टाकीत आलेलं पाणी थोडा वेळ स्थिर ठेवा. ०.१ मिमीची वाळू काही सेकंदांत तळाला जाते. ०.०१ मिमीच्या गाळाला ३० सेंमी खाली बसायला साधारण तास लागतो. चिकणमातीचे सूक्ष्म कण मात्र दिवसभरातही बसत नाहीत. तिथे तुरटी उपयोगी पडते: २०० लिटरला २० ते ३० ग्रॅम पाण्यात विरघळवून ओता, हळू ढवळा. साबण जास्त असेल तर परिणाम कमी होतो, म्हणून आधी बादलीत करून पाहा. वरचं पाणी १०० मायक्रॉनच्या पिशवीतून गाळून सोडा, खालचा गाळ सुकवा. त्याला तेलाचा वास येत असेल तर तो घातक कचऱ्यात द्यायचा.

सोडायची जागा म्हणजे मलवाहिनी: ग्राहकाचा संडास किंवा मोरी, किंवा तुमच्या जागेतला ड्रेनेजचा चेंबर. त्यासाठी मालकाची परवानगी हवी आणि स्थानिक मलनिस्सारण विभागाची लेखी मान्यताही. त्यांना पाण्यात काय असतं, रोज किती लिटर आणि पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) किती, हे सांगा. कार्पेटचं डिटर्जंट बहुधा अल्कधर्मी असतं, म्हणून सोडण्याआधी पीएच पट्टी बुडवून त्यांनी दिलेल्या मर्यादेत आहे का ते बघा. क्लोरिन शिल्लक असेल तर सोडियम थायोसल्फेट थोडं थोडं घाला आणि चाचणीपट्टीवर क्लोरिन दिसेनासा झाला की थांबा.

ग्राहकाकडे सेप्टिक टँक असेल तर तिथे ओतूच नका. जंतुनाशकाने आतले जिवाणू मरतात, आणि एकदम २०० लिटर आत गेले की तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो व माती चोंदते. गवतावर सोडायचं झालं तर फक्त साबण-तेल नसलेलं, गाळलेलं पाणी, तेही वाहून रस्त्यावर येणार नाही एवढंच. स्वयंपाकघराच्या चिमणीतली चरबी, जुन्या शिशाच्या रंगाचे पापुद्रे असलेलं पाणी यातलं काहीही मलवाहिनीत जाता कामा नये. ते डब्यात भरून परवानाधारक कचरा उचलणाऱ्यांना द्या. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर प्रेशर वॉशर मारूच नका.

भरताना ग्राहकाच्या नळाची पाइप टाकीत बुडवू नका. नळाचा दाब अचानक पडला तर टाकीतलं पाणी उलट घराच्या लाईनीत ओढलं जातं. पाइपचं तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा निदान पाइपच्या व्यासाच्या दुप्पट उंच ठेवा. स्वच्छ आणि घाण पाण्याच्या पाइपा वेगळ्या रंगाच्या घ्या.

टाकी त्याच दिवशी रिकामी करून धुवा. उन्हात रात्रभर-दिवसभर राहिलेलं पाणी सडतं, आणि बंद टाकीत साचलेला वायू घातक असतो, त्यामुळे साफ करायला कधीही आत डोकं घालू नका. एक वहीही ठेवा: तारीख, काम, किती लिटर, कोणतं रसायन, कुठे सोडलं. तक्रार आली किंवा तपासणी झाली तर दाखवायला हीच नोंद कामी येते.