छताचा नवा रंग आणि ब्रोकरचं मौन

प्रश्न : भांडुपला शेवटच्या मजल्यावरचा जुना वन बीएचके पाहून ५१ हजार टोकन दिलं. मग कळलं, गच्ची गळते आणि सोसायटीने काढलेली दुरुस्तीची वर्गणी मालकाने भरलेलीच नाही. ब्रोकर म्हणतो, ‘ते मालकाने सांगायचं, माझं काम गाठ घालून देण्याचं.’ खरं का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : अर्धंच खरं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार घरातला किंवा मालकी हक्कातला मोठा दोष सांगायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. पण त्याला तो माहीत असला पाहिजे, आणि साधी काळजी घेऊन तुम्हाला तो दिसण्यासारखा नसला पाहिजे. छतावर ओल दिसत असताना टोकन दिलं, तर हे कलम फारसं कामाला येत नाही. म्हणून घर पाहताना माळ्यात डोकं घालून बघा. विकायच्या आधी हॉलच्या छताला रंग मारतात, माळ्याच्या आत सहसा कुणी मारत नाही. पिवळट कडांचे डाग, फुगलेला गिलावा तिथे सापडतो.

आता ब्रोकरचं. दलाली दिली असेल किंवा द्यायची ठरली असेल, तर तुम्ही त्याचे ग्राहक. माहीत असून लपवलं तर सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. अडतं ते ‘त्याला माहीत होतं’ हे सिद्ध करताना. त्यावर उपाय सोपा : टोकनआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारा. गळती आहे का? थकबाकी किती? पुनर्विकासाचा ठराव झालाय का? फोनवर मिळालेलं ‘काही नाही हो’ पुढे कामाचं नाही.

तुमच्या बाबतीत, मालकाला सोसायटीचा ‘थकबाकी नाही’ दाखला आणायला लावा, नाहीतर थकलेली वर्गणी किमतीतून वजा करून घ्या. पुढच्या वेळी टोकनच्या पावतीवरच ‘थकबाकी वा गळती निघाल्यास पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत’ ही ओळ घाला. ती नसली की ‘टोकन बुडालं’ म्हणायला सगळे मोकळे.

प्रश्न : नव्या प्रोजेक्टचा एजंट म्हणतो, ‘आजच बुक केलं तर ओपन पार्किंग फ्री.’ विश्वास ठेवावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : उघडं पार्किंग हा रेरा कायद्यात, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यात, सामाईक जागेचा भाग आहे. ते बिल्डरने विकायचं नसतं, मग एजंट फुकट काय देणार? एजंटचा महारेरा (या कायद्याचं राज्यातलं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागा. तो ‘ए’ अक्षराने सुरू होतो, प्रोजेक्टचा ‘पी’ने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. बुकिंगच्या वेळी प्रोजेक्टची सगळी माहिती आणि कागदपत्रं तुम्हाला मिळवून देणं हे कलम १० नुसार एजंटचं कर्तव्यच आहे. ते मोडलं, किंवा नोंदणीशिवाय धंदा केला, तर दिवसाला १० हजार रुपये दंड, एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. अ‍ॅग्रीमेंट नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. चेक प्रोजेक्टच्या खात्यावर काढा, एजंटच्या नावावर कधीच नाही.

एक लक्षात घ्या, महारेराचं हे छत्र नोंदणीकृत प्रोजेक्टपुरतं. वरच्या भांडुपच्या घरासारखा रीसेल व्यवहार त्यात सहसा येत नाही.

प्रश्न : ब्रोकर दोन्हीकडून दलाली घेऊ शकतो का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : मुंबईत सर्रास घेतात, आणि दोघांना सांगून घेतली तर हरकत नाही. पण घर त्याचं स्वतःचं किंवा नातेवाइकाचं निघालं आणि ते त्याने लपवलं, तर गोष्ट वेगळी. एजंटने स्वतःसाठी व्यवहार करून महत्त्वाची बाब अप्रामाणिकपणे लपवली, तर करार कायद्याचं कलम २१५ तुम्हाला व्यवहार नाकारायचा अधिकार देतं. म्हणून इंडेक्स टूवरचं (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्यावरचं) मालकाचं नाव वाचून ‘तुमचं यांच्याशी नातं काय?’ हे सरळ विचारा. दलालीचा टक्का, कोणत्या रकमेवर आणि कधी द्यायची, हे आधी लिहून घ्या. वर जीएसटी मागितला तर त्याचा क्रमांक असलेलं बिल मागा.