मुलगी केमिस्ट्रीची, ओढ लेसरची

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी टी.वाय. बीएस्सीला, विषय केमिस्ट्री, आणि तिला स्पेक्ट्रोस्कोपी आणि लेसरमध्ये संशोधन करायचंय. तुम्ही कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मेल्टिंगला. पाहुणे म्हणतात, बीएड करू दे, नाहीतर औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला, लाव. आणि तुम्ही विचारता, "लेसर म्हणजे फिजिक्सवाल्यांचं काम, त्यात हिला कोण विचारणार?"

याचं उत्तर तुमच्याच कारखान्यात आहे. भट्टीतला थोडा रस काढून तुम्ही चकती ओतता, घासून स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, ठेवता. ठिणगी पडते आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे टक्के स्क्रीनवर येतात. ते जुळल्याशिवाय मेटल साच्यात जात नाही. त्या ठिणगीत धातूची वाफ होते, प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतं आणि यंत्र तो मोजतं. म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपीवर तुमचं घर आधीपासूनच चाललंय! ठिणगीऐवजी लेसरचा झटका दिला, की त्याला 'लिब्स' म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत गंधक सापडल्याचं कळवलं, ते याच पद्धतीने.

आता लेसरने पत्रा कापण्याचं बघा. उद्यमनगरात कुठल्याही कटिंगवाल्याला विचारा: साध्या लोखंडाला ऑक्सिजन, स्टेनलेसला नायट्रोजन. का? ऑक्सिजनमध्ये लोखंड जळतं आणि ती उष्णता कापायला मदत करते. पण कडेवर ऑक्साइडचा थर बसतो, आणि तो न काढता रंग मारला तर पुढे पापुद्रे सुटतात. नायट्रोजनमध्ये कड पांढरी राहते. ही सगळी केमिस्ट्रीच. तांबं तर इन्फ्रारेड लेसरचा बहुतेक प्रकाश परतवून लावतं, म्हणून बॅटरीतले तांब्याचे जोड करायला हिरवे-निळे लेसर पुढे आले. यंत्र फिजिक्सवाले बनवोत. किरण पडल्यावर पदार्थाचं काय होतं, हे सांगायला केमिस्ट लागतो.

खरं सांगतो, काही वर्षांपूर्वी मीच एका मुलाला "हा तुझा प्रांत नाही" म्हणून परत पाठवलं होतं. अजून डाचतं.

पण वाट लांब आहे, ते लपवत नाही. एमएस्सीची दोन वर्षं, पीएचडीची पाच-सहा, बहुतेकदा पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन. हाती स्थिर नोकरी येईपर्यंत तिशी उलटते. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. पैसे कधीकधी रखडतात. लग्नाचा विषय तुम्ही पत्रात शेवटच्या ओळीत घातलाय. तो तिच्याशी आत्ताच मोकळेपणाने बोला, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी नको.

एमएस्सी आपल्या शिवाजी विद्यापीठात केली तरी कमीपणा नाही, पण जॅमचा, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरूच दे. फिजिकल केमिस्ट्री घेऊ दे, आणि गणित सोडलं असेल तर परत हातात घेऊ दे. या क्षेत्रात केमिस्ट्रीची पोरं अडतात ती तिथंच. पुढे इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, हैदराबादचं एआरसीआय, मुंबईचं बीएआरसी, पुण्याची एनसीएल आणि आयसर, अशी संशोधन संस्थांची दारं आहेत. क्यूसीची नोकरी वाईट नाही. एमएस्सीनंतरही ती मिळते, म्हणून आज घाई नको.

बीएडचं मात्र पाहुण्यांना सांगा, तिला शिकवायची आवड असेल तर बघू.

निर्णयाआधी एक करा. साहेबांची परवानगी काढून तिला एक दिवस तुमच्या स्पेक्ट्रोच्या खोलीत न्या. चकती तिलाच घासू दे, बटण तिलाच दाबू दे. घरी येताना तिने काय काय विचारलं, ते मला लिहून पाठवा.