व्हॅलेटात चार तास मिळाले तर

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. जहाज माल्टाला लागणार, ब्रेकफास्ट ड्युटी संपली की चार तास मोकळे, आणि बाकीची पोरं धक्क्यावर वायफाय पकडून बसतात म्हणून तूही तिथेच बसणार म्हणतोस. घरी बोल रे, आई वाट बघत असते, पण आधी वर व्हॅलेटा शहरात जा, मी सुद्धा पहिलं काँट्रॅक्ट असंच धक्क्यांवर बसून घालवलं आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जहाजं लागतात तो पिंटो धक्का, तिथली गोदामं अठराव्या शतकातली. शहर एकदम डोक्यावर, नुसती तटबंदी दिसते. चढत बसू नकोस, 58 मीटरची लिफ्ट आहे ती थेट अपर बराक्का बागेत सोडते. बरोबर बाराला तिथे कठड्याशी उभा राहा, खालच्या तोफांच्या मोर्चावरून तोफ उडते. पूर्वी बंदरातले कप्तान याच आवाजावर आपली घड्याळं लावायचे, कारण घड्याळ चुकलं की समुद्रात आपण कुठे आहोत त्याचा हिशोबच चुकायचा. तूही तेव्हाच घड्याळ बघून घे. एका बंदरात माझ्या मोबाईलनं आपोआप लोकल टाइम घेतला, शिप टाइम एक तास पुढे होता, धावत पोचलो तेव्हा गँगवे, म्हणजे जहाजावर चढायची शिडी, काढायला घेतला होता, वॉर्निंग मिळाली ती वेगळीच. हातात साधं घड्याळ ठेव, शिप टाइमवर.

हरवायची भीती नको. 1565 चा तुर्कांचा वेढा उठल्यावर पुढच्याच वर्षी हे शहर पाटीवर रेघा मारल्यासारखं सरळ आखून बांधायला घेतलं, त्यामुळे कुठल्याही गल्लीच्या टोकाला समुद्र दिसतो. लाकडी सज्जे बघत चाल. भूक लागली की पास्तित्सी घे, मटारची किंवा रिकोटा चीजची, पापुद्रे अगदी साट्याच्या करंजीसारखे सुटतात.

आणि सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे चर्च सोडू नकोस, रविवार नसेल तर. तिकीट महाग वाटेल, तरी जा. जमीन म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती सरदारांच्या, म्हणजे नाइट्सच्या, जवळजवळ चारशे संगमरवरी थडग्यांचे दगड, म्हणून टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत. आतल्या ऑरेटरीत, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीत, इटालियन चित्रकार काराव्हाजोचं 1608 चं भलंमोठं चित्र आहे, सेंट जॉनचा शिरच्छेद. रोममध्ये खून करून पळून आलेला हा माणूस, इथे सरदार झाला आणि त्याच वर्षी याच खोलीत त्याची सरदारकी काढून घेतली. घाई करू नकोस, जमिनीवर सांडलेल्या रक्ताकडे नीट बघ, त्याच रक्तात त्यानं सही केलीय. त्याची सही असलेलं हे एकच चित्र. मी वीस मिनिटं हललो नव्हतो.

मग परत बागेत ये आणि तिथून आईला व्हिडिओ कॉल लाव. कॅमेरा खाली बंदराकडे फिरव आणि तुझं जहाज कुठलं ते तिला दाखव.

तुझा,
दादा