सोयाबीनचा तांबेरा : पान उलटून पाहा

निपाणी-चिकोडीकडे आपण यंदा प्रथमच सोयाबीन घेत आहात, म्हणून सांगतो की तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, बांधावरून कळत नाही. सावलीतले खालचे पान उलटून भिंगातून पाहिल्यास बारीक फोड दिसतात. त्यांच्या तोंडातून सुटणारे बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म बी) वाऱ्याबरोबर दूरच्या शिवारांत जातात, पण रुजण्यासाठी पान सुमारे 6 तास ओले राहावे लागते, म्हणून श्रावण-भाद्रपदातली झड घातक ठरते. पोषक हवेत 7 ते 10 दिवसांत नवे फोड उठतात. पानगळ सुरू झाल्यावर फवारणे (माझी पहिली चूक हीच) म्हणजे वरातीमागून घोडे. पहिले फोड दिसताच हेक्झाकोनाझोल 5 टक्के प्रवाही हे बुरशीनाशक, लिटर पाण्याला 1 मिली, पानांच्या खालच्या बाजूस पोहोचेल असे फवारावे.